हंगामाचा प्रारंभ आणि प्रेक्षकाचा राग

'हंगाम' हा शब्द आपल्या वाशिम जिल्ह्यात दोन ठिकाणी ऐकू येतो. एक शेतात आणि दुसरा क्रिकेटच्या गप्पांत. मृगाच्या पावसावर सोयाबीन पेरावे आणि पुढे पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे जावे, म्हणजे शेतकऱ्याचे तोंड उतरते. मार्च-एप्रिलमध्ये 'मुंबई इंडियन्स'च्या चाहत्यांचेही असेच होते. फरक इतकाच, की शेतकरी दुबार पेरणीच्या तयारीला लागतो आणि चाहता शिव्या देऊ लागतो. हंगाम नुकताच सुरू झालेला असताना आपला संघ दोन-चार सामने हरला, तर प्रेक्षक इतका का चिडतो आणि त्याच्या चिडण्यात योग्य किती व अयोग्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय करमणुकीचा वाटला तरी तो मनुष्यस्वभावाचा आहे. म्हणूनच वार्षिकांकाच्या वाचकांपुढे तो मांडण्याचे धाडस करीत आहे.

सुरुवात एक, शेवट चार

इंडियन प्रीमियर लीग, म्हणजेच आयपीएल, 2008 साली सुरू झाली. मुंबईच्या संघाने 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 असे पाच वेळा विजेतेपद मिळविले. इतक्या यशस्वी संघाची सुरुवात मात्र बहुधा वाईटच होत आली. 2013 पासून 2025 पर्यंत सलग तेरा हंगामांत हा संघ आपला पहिला सामना हरला. जी पाच विजेतेपदे मिळाली, त्या पाचही वर्षी पहिल्या सामन्यात पराभवच पदरी पडला होता! पहिल्या सामन्यावरून हंगामाचे भविष्य सांगणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. 2008, 2014, 2015 आणि 2022 या चार हंगामांत मुंबईने पहिले चारही सामने गमावले. आता या चार वर्षांचा शेवट पाहू.

2008 साली सचिन तेंडुलकर जखमी होता आणि त्याच्या जागी कर्णधार झालेल्या हरभजनसिंगवर हंगाम सुरू होताच बंदी आली. संघ चार सामने हरला, पण त्यानंतर सलग सहा जिंकला आणि अखेर पाचव्या स्थानावर राहिला.

2014 साली लोकसभा निवडणुकीमुळे सुरुवातीचे सामने संयुक्त अरब अमिरातीत झाले. तेथे मुंबईने पाचही सामने गमावले. तरीदेखील शेवटच्या साखळी सामन्यात राजस्थानविरुद्ध 190 धावांचे लक्ष्य 14.4 षटकांत गाठून संघ बाद फेरीत पोहोचला. आदित्य तरेने मारलेला तो षटकार पुष्कळांच्या स्मरणात असेल.

2015 साली पहिल्या सहांपैकी पाच सामने हरलेल्या याच संघाने 24 मे रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर चेन्नईला 41 धावांनी हरवून करंडक उचलला.

2022 साली मात्र संघ ओळीने आठ सामने हरला. पहिला विजय 30 एप्रिलला मिळाला आणि अखेर दहा संघांत तो दहावा आला.

म्हणजे पाचवे स्थान, चौथे स्थान, विजेतेपद आणि शेवटचे स्थान. सुरुवात एकसारखी असून शेवट चार तऱ्हांचे झाले. यावरून पहिल्या चार सामन्यांत पुढचे चित्र फारसे दिसत नाही, असा निष्कर्ष काढावयास हरकत नसावी.

थोडे गणितही करून पाहू. समजा, एखादा संघ इतरांच्या तोडीस तोड आहे आणि प्रत्येक सामन्यात त्याची जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी निम्मी आहे. अशा संघाने पहिले चारही सामने हरण्याची शक्यता सोळांत एक इतकी असते. संघ दहा आहेत. तेव्हा कोणाचाही काही दोष नसताना, निव्वळ नशिबाने, सरासरी दर दोन हंगामांत एकदा तरी कोणत्या ना कोणत्या संघाच्या वाट्याला असा प्रारंभ येणारच. नाणे उडवताना चार वेळा काटा पडला तर आपण नाण्याला शिव्या देत नाही. आमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1971 साली एका निबंधात दाखवून दिले होते, की माणसे, अगदी संशोधनाचे शिक्षण घेतलेली माणसेसुद्धा, थोड्याशा नमुन्यावर नको तितका विश्वास टाकतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण भात शिजत असताना वरचेच शीत काढून पाहिले, तर ते कच्चेच लागणार.

राग का येतो?

येथे कोणी म्हणेल, की हे गणित समजले तरी राग येतोच. हे म्हणणे खरे आहे, आणि त्याचे कारण गणितात नसून मनात आहे.

रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1976 साली एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव अथवा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते, असे त्यांना आढळले. शिवाय विजयाबद्दल बोलताना विद्यार्थी 'आम्ही जिंकलो' म्हणत आणि पराभवाबद्दल बोलताना 'ते हरले' म्हणत. दुसऱ्याच्या तेजात आपणही थोडे उजळून निघावे, ही माणसाची जुनीच हौस आहे. ज्याला आयुष्यात विजयाचे प्रसंग कमी येतात, त्याला ही हौस अधिक असावी असे मला वाटते. बाजारात भाव पडलेला, परीक्षेचा निकाल लांबलेला, नोकरीची जाहिरात निघत नाही. अशा वेळी संध्याकाळी साडेसात वाजता 'आपण' जिंकण्याची एक संधी मिळते. ती हुकली की राग येतो. तो केवळ त्या सामन्याचा नसतो. दिवसभराचे त्यात पुष्कळ काही मिसळलेले असते.

दुसरा अभ्यास अधिक गंभीर आहे. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 साली अमेरिकन फुटबॉलचे सामने आणि पोलिसांकडे नोंदलेला घरगुती हिंसाचार यांचा संबंध तपासला. जिंकेल अशी खात्री असलेला स्थानिक संघ हरला, तर पुरुषांनी घरातील पत्नीवर किंवा जोडीदार स्त्रीवर हात टाकण्याच्या घटना सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, असे त्यांना दिसले. हरेल असे वाटत असलेला संघ हरला, तर मात्र अशी वाढ दिसली नाही. रागाचे मूळ पराभवात नाही, मोडलेल्या अपेक्षेत आहे. हंगामाच्या प्रारंभी अपेक्षा सर्वांत मोठी असते, कारण तोवर काहीच घडलेले नसते. म्हणून पहिल्या चार पराभवांचा राग शेवटच्या चार पराभवांहून तीव्र असतो. आणि खेळ पाहणाराचा राग घरातल्या बाईच्या अंगावर निघत असेल, तर 'हा तर खेळ आहे' असे म्हणून तो विषय सोडून देता येणार नाही.

रागाला माणूस लागतो

रागाचा आणखी एक धर्म असा, की त्याला कारण पुरत नाही. त्याला माणूस लागतो. संघ का हरला याची कारणे दहा असतात आणि ती रुक्ष असतात. मुख्य गोलंदाज जखमी असतो, लिलावानंतर संघाची घडी बसलेली नसते, नाणेफेक विरुद्ध जाते. अशा कारणांवर ओरडता येत नाही. मग एक चेहरा शोधला जातो. वड्याचे तेल वांग्यावर, अशी आपल्याकडे म्हणच आहे.

याची उदाहरणे जुनी आहेत. 1971 साली अजित वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. त्या विजयाच्या सन्मानार्थ इंदूरला भली मोठी सिमेंटची बॅट उभारण्यात आली. 1974 च्या उन्हाळ्यात तोच संघ इंग्लंडमध्ये 3-0 असा हरला आणि लॉर्ड्सवर 42 धावांत बाद झाला. इंदूरच्या त्या बॅटला लोकांनी काळे फासले. वाडेकरला पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले आणि त्याने निवृत्ती पत्करली. 2003 च्या विश्वचषकाच्या सुरुवातीला, 15 फेब्रुवारी रोजी, भारत ऑस्ट्रेलियापुढे 125 धावांत गारद झाला, तेव्हा अलाहाबादेत महंमद कैफच्या घराच्या भिंती काळ्या करण्यात आल्या. त्यानंतर तोच संघ सलग आठ सामने जिंकून अंतिम फेरीत पोहोचला.

तिसरे उदाहरण आपल्या पिढीचे आहे आणि त्यात मी साक्षीदार नसून आरोपी आहे. डिसेंबर 2023 मध्ये मुंबईने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केले. हा निर्णय संघाच्या मालकांचा आणि व्यवस्थापनाचा. पण मालकाला मैदानात उभे राहावे लागत नाही. पंड्याला राहावे लागले. 24 मार्च 2024 ला अहमदाबादेत 6 धावांनी पराभव झाला. 27 मार्चला हैदराबादने 277 धावा केल्या. 1 एप्रिलला वानखेडेवर, म्हणजे स्वतःच्या अंगणात, नाणेफेकीच्या वेळी प्रेक्षकांनी कर्णधाराची इतकी हुर्यो उडविली, की संजय मांजरेकरला माईकवरून त्यांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. तोही सामना मुंबई हरली.

त्या दिवसांत मी बारावीची परीक्षा देऊन रिकामा होतो. सामने मोबाईलवर मोफत दिसत. आमच्या गावी मारुतीच्या पारावर एका मोबाईलभोवती आम्ही सात-आठ जण बसत असू आणि वानखेडेवरील प्रेक्षक जे ओरडत होते त्याहून वाईट आम्ही ओरडत होतो. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांनी विचारले, "काय रे पोट्टेहो, त्या पोराले काहून शिव्या देता? त्यानं तुमचा बांध कोरला का?" आम्ही म्हणालो, "आबा, त्यानं आपली मॅच हरवली." आबा म्हणाले, "आपली? तुमचं काय गेलं त्यात?" आम्ही हसलो. उत्तर मात्र कोणापाशीच नव्हते.

पुढे 29 जून 2024 रोजी बार्बाडोसला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या आणि चेंडू पंड्याच्या हातात होता. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा झेल टिपला आणि भारत 7 धावांनी जिंकला. त्याच पारावर, त्याच आम्ही, त्याच माणसाच्या नावाने नाचलो. 4 जुलैला वानखेडेवर जल्लोष झाला, तेव्हा तेथेही त्याच्या नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता. तो दोन्ही वेळी आपले काम करीत होता. मग आधीची शिवी खोटी की नंतरचा जयजयकार? मला वाटते, दोन्ही त्याच्याविषयी नव्हतेच. दोन्ही आमच्याविषयी होते.

मग राग करूच नये काय?

असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक वेळी धीर धरा म्हणणे हासुद्धा एक आळस आहे. 2022 साली चाहत्यांची कुरकुर बरोबर ठरली. त्या वर्षीच्या मोठ्या लिलावात मुंबईने ट्रेंट बोल्ट, क्विंटन डी कॉक आणि पंड्या बंधू गमावलेले होते, 15.25 कोटी रुपये एकट्या ईशान किशनवर घातले होते आणि त्या हंगामात खेळूच न शकणाऱ्या जोफ्रा आर्चरसाठी 8 कोटी मोजले होते. हा दोष दिसण्याजोगा होता आणि तो लिलावाच्या टेबलावरचा होता. उलट 2025 साली पहिल्या पाचांपैकी चार सामने गेले, तेव्हा जसप्रीत बुमराह पहिल्या चार सामन्यांत नव्हता. तो परतला, संघाने पुढे सलग सहा सामने जिंकले आणि बाद फेरी गाठली. पराभव सारखेच होते, पण एका वर्षी बियाणेच कमी प्रतीचे होते आणि दुसऱ्या वर्षी नुसता पाऊस लांबला होता.

शेतकऱ्यापासून शिकण्यासारखे ते हेच. पेरलेले उगवले नाही, की तोही संतापतो. त्याचा पैसा तर खरोखरच मातीत गेलेला असतो. पण तो आधी माती उकरून पाहतो. दाणा कुजला की तसाच पडून आहे, ओल किती खोल आहे, हे तपासतो. बियाणे बोगस निघाले तर पिशवी आणि पावती घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करतो. बैलाला मारून पाऊस येत नाही, हे त्याला ठाऊक असते. कारणाचा शोध घेणारा राग आणि चेहऱ्याचा शोध घेणारा राग, यांत हाच भेद आहे.

बाल्टिमोरचे पन्नास हजार

या संदर्भात अमेरिकेतील एक हकिकत सांगण्यासारखी आहे. तेथील बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. पण त्याचा हंगाम 162 सामन्यांचा असतो. 1988 साली बाल्टिमोर ओरिओल्स हा संघ हंगामाचे पहिले 21 सामने ओळीने हरला. पहिल्या सहा पराभवांनंतरच व्यवस्थापकाला काढून टाकण्यात आले. नवा माणूस आला आणि संघ आणखी पंधरा सामने हरला! माणूस बदलला की रोग बरा होतो, या समजुतीला याहून सणसणीत उत्तर कोणते?

परंतु खरी गोष्ट पुढे आहे. बाहेरगावचा तो दौरा संपवून संघ 2 मे रोजी बाल्टिमोरला परतला, तेव्हा त्याच्या खात्यावर एक विजय आणि तेवीस पराभव होते. त्या रात्री मैदानावर 50,402 प्रेक्षक जमले; हुर्यो करण्यासाठी नव्हे, स्वागतासाठी. त्या वर्षी काही चमत्कार घडला नाही. 54 विजय आणि 107 पराभव असा हंगाम संपला. पुढच्या वर्षी मात्र त्याच संघाने 87 सामने जिंकले आणि आपल्या गटात दुसरे स्थान मिळविले. प्रेक्षकांच्या प्रेमामुळे संघ जिंकला, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. एवढेच म्हणेन, की ते पन्नास हजार लोक 'ते हरले' असे न म्हणता 'आम्ही हरलो' असे म्हणत होते.

आपला संघ कोणता?

आता आपल्याकडे वळू. आम्ही पारावर बसून 'आपली मुंबई' म्हणतो. वानखेडे स्टेडियम ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे नागपूरचे, एवढा वैदर्भीय हक्क त्या मैदानावर सांगता येईल. पण वाशिमचा मुलगा मोठा होऊन खेळला, तर रणजी करंडकात तो विदर्भाकडून खेळेल. विदर्भाचा संघ 1957-58 च्या हंगामात रणजीत उतरला आणि पुढची साठ वर्षे एकदाही अंतिम फेरीपर्यंत पोहोचला नाही. या साठ वर्षांत विदर्भ हरला म्हणून वाशिमच्या बाजारात कोणी संतापल्याचे मी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले नाही. कोणी हुर्यो केली नाही, कारण कोणी पाहतच नव्हते.

मग 2017-18 साली फैज फझलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली हा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात गेला आणि इंदूरला दिल्लीला 9 गडी राखून हरवून विजेता झाला. त्या सामन्यात रजनीश गुरबाणीने हॅट्ट्रिक केली. ज्या इंदुरात 1974 साली बॅटला काळे फासले गेले, त्याच गावी हा करंडक मिळाला. 2018-19 मध्ये दुसरे आणि 2024-25 मध्ये केरळविरुद्ध नागपूरला तिसरे विजेतेपद मिळाले. शेजारच्या अकोल्याचा अथर्व तायडे याच विदर्भाकडून खेळला. असे असूनही आमच्या पारावर 2024-25 चा तो अंतिम सामना कोणी पाहत नव्हते. मीही नाही.

हे लिहिताना माझ्या ध्यानात आले, की राग ही काही सर्वांत वाईट गोष्ट नव्हे. ज्याच्यावर आपण रागावतो त्याच्याकडून निदान आपली काही आशा असते. त्याहून वाईट म्हणजे पाहणेच सोडून देणे. मुंबईच्या पहिल्या चार पराभवांवर आम्ही जेवढा राग खर्च केला, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेही लक्ष विदर्भाच्या साठ वर्षांच्या कष्टांना दिले नाही. तेव्हा आम्ही स्वतःला चाहते म्हणवून घ्यावे की नुसते विजयाचे गिऱ्हाईक, हा प्रश्न शिल्लक राहतो.

समारोप

मित्रहो, हा विषय मैदानावरच संपत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपण पहिलेच आहोत. पहिल्या सत्राचा निकाल लागतो, एक-दोन विषय राहतात आणि 'हे याच्या बसचं नाही' असे कोणीतरी म्हणून जाते. ते म्हणणारा माणूस आपला शत्रू नसतो. त्याने आशा लावलेली असते आणि हंगाम नुकताच सुरू झालेला असतो. त्याच्या रागात आपुलकी आहे हे आपण ओळखावे आणि चार पेपरांवरून सारे आयुष्य ठरत नाही, हे त्याने ओळखावे, एवढीच अपेक्षा.

पुढच्या हंगामात मुंबई पहिले सामने हरली तर मला राग येणार नाही, असे वचन मी देऊ शकत नाही. मात्र शिवी तोंडात येण्यापूर्वी माती उकरून पाहीन. आणि विदर्भाचा रणजीचा सामना चालू असेल, त्या दिवशी मोबाईलवर त्याचा धावफलक आधी उघडीन.